वाघ आणि भागूबाई

दत्तात्रयला पहिलं टोपणनाव मिळालं ते बारशाच्या आधी. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि पाटण तालुक्यातल्या मोरणेच्या खोऱ्यात माणसं घरं सोडून उघड्यावर आली. त्याच थंडीत, पत्रे आणि कडब्याच्या पेंढ्या लावून उभ्या केलेल्या छपरात हा मुलगा जन्मला. जमीन अजून अधूनमधून हलत होती. आजीनं त्याला छातीशी धरलं आणि म्हणाली, "आला माझा कंप्या." पुढे बारशाला दत्तात्रय हे नाव ठेवलं, शाळेच्या दाखल्यावर तेच चढलं, पण आजीनं मरेपर्यंत त्याला कंप्याच म्हटलं. ज्या गोष्टीनं घर पाडलं, तिचंच नाव तिनं नातवाला दिलं आणि ती भीती मांडीवर घेऊन थोपटली. टोपणनावांतली ही सगळ्यात चांगली जात. देणाऱ्याच्या मनात माया असते आणि घेणाऱ्याला त्या नावासाठी काही करून दाखवावं लागत नाही.

दुसरं नाव शाळेच्या पोरांनी दिलं.

गावाखाली मोरणेचा एक डोह होता. पावसाळा सरला, पाणी निवळलं की पोरं वरच्या खडकावरनं त्यात उड्या टाकायची. दत्ता सातवीत होता तेव्हाची गोष्ट. त्या वर्षीच्या पुरानंतर पहिल्यांदाच सगळे डोहावर गेले होते. पोरं कपडे काढत होती आणि दत्ता कळकाची लांब काठी घेऊन खालच्या काठावरनं तळ चाचपत बसला होता. काठी एका जागी ठक्कन लागली.

"आत बुंधा हाय," तो म्हणाला. "पुरात वाहून आलाय. आज उडी नको."

पोरं हसली. सदाशिव सगळ्यांत मोठ्यानं हसला. "भागूबाई! भित्री भागूबाई!" तो ओरडला आणि खडकावर चढला. सदाशिव तालमीतल्या वस्तादाचा मुलगा. अंगानं पिळदार, मनानं मोकळा, कुणाच्याही मदतीला आधी धावणारा. दत्ताचा तो जिवाभावाचा सोबती होता, म्हणूनच दत्तानं डोळे मिटून घेतले. पाणी फुटल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज येईना. थोड्या वेळानं सदाशिवचं डोकं वर आलं. नडगी सोलून निघाली होती, रक्त पाण्यात मिसळत होतं आणि तो हसत होता. जीव भांड्यात पडलेल्या दत्ताच्या तोंडून निघून गेलं, "वाघ हाय गड्या, वाघ!"

एका संध्याकाळी दोघांनी एकमेकांना नावं दिली. पोरांनी ती गावात नेली, गावानं ती कायमची करून टाकली. सदाशिवची नडगी कशानं सोलली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

1985 साली दोघं कराडच्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या वर्गाला लागले. दत्ताला वाटलं होतं, गाव मागं राहिलं म्हणजे भागूबाईही मागं राहील. पहिल्याच रात्री खोलीतल्या मुलांना सदाशिवनं डोहाची गोष्ट रंगवून सांगितली आणि सकाळी हजेरीच्या आधीच दत्ता तिथेही भागू झाला. त्या खोलीत आणखीही नावं होती. जाड चष्म्याचा ढापण्या होता, काडीसारखा लुकड्या होता, एका अडखळत बोलणाऱ्या मुलाचं नाव तर मी इथे लिहिणारही नाही. माणसाच्या शरीरावरून, रंगावरून, जिभेवरून ठेवलेल्या नावात गंमत असते असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. त्या मुलानं दोन वर्षं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. त्याला प्रश्न नव्हते असं थोडंच आहे?

वर्गात तारांचे सांधे शिकवायचे. ब्रिटानिया जॉइंट, मॅरीड जॉइंट, वेस्टर्न युनियन जॉइंट. सदाशिवचा सांधा सगळ्यांच्या आधी व्हायचा आणि चांगला व्हायचा, हे खरंच सांगितलं पाहिजे. त्याच्या हातात कसब होतं. दत्ताला दुप्पट वेळ लागायचा, कारण तो पीळ मोजायचा, ओढून बघायचा, पुन्हा मोजायचा. त्यावरून त्याला तिसरं नाव पडलं, आजीबाई. निदेशक मात्र त्याचा सांधा हातात घेऊन काही न बोलता सगळ्या बाकांवरून फिरवायचे.

त्याच निदेशकांनी एकदा फळ्यावर ट्रान्सफॉर्मर काढला आणि म्हणाले, "वरून 11,000 व्होल्ट आले की खालून 433 निघतात, हे तुमचं पाठ झालंय. आता उलटं पाठ करा. खालून 433 घातले, तर वरच्या तारांवर 11,000 उभे राहतील. ट्रान्सफॉर्मरला पुढचं दार आणि मागचं दार असं काही नसतं." दोघांनीही ते वहीत उतरवलं. परीक्षेत तो प्रश्न आला, दोघांनीही बरोबर लिहिला. पुढं जे झालं ते अज्ञानानं झालं नाही, म्हणून हे सांगतो.

1989 मध्ये दोघं वीज खात्यात हेल्पर म्हणून लागले, काही वर्षांनी लाइनमन झाले. भाग तोच, आपलाच तालुका. कोयनेच्या पाण्यावर 1,960 मेगावॅटचे संच चालतात. त्यातली बहुतेक वीज डोंगरापल्याड, कोकणाच्या अंगाला तयार होते. अलीकडच्या वाड्यावस्त्यांवर मात्र जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की तारेवर एखादी फांदी पडली तरी रात्र-रात्र काळोख. खांब रानातून गेलेले, वाट चिखलाची, हातात बॅटरी, खांद्यावर शिडी. लाइनमनच्या नोकरीची परीक्षा अशा रात्रीच होते.

अशा वेळी काम कसं करायचं याची रीत ठरलेली आहे. उपकेंद्राला फोन करून परमिट मागायचं. तिथल्या यंत्रचालकानं फीडर बंद करून रजिस्टरात वेळ आणि परमिट घेणाऱ्याचं नाव लिहायचं. मग कामाच्या जागेच्या अलीकडचा एबी स्विच उघडायचा, पलीकडच्या डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढायचे, तार मेली आहे हे टेस्टरनं बघायचं आणि तरीही तिच्यावर विश्वास न ठेवता दोन्ही बाजूंनी तार जमिनीला जोडणारे अर्थिंग रॉड लावायचे. त्यानंतर झुला बांधून वर. काम झालं की माणसं उतरलेली मोजायची, रॉड काढायचे, परमिट परत द्यायचं, तेव्हा कुठे दिवे. एवढ्या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जातो. पावसात, उपकेंद्राचा फोन लागत नसताना, त्याहून जास्त.

दत्ता यातली एकही पायरी गाळायचा नाही. खात्यात त्याचं नाव पडलं परमिट. गावांनी त्याला आणखी वेगळं नाव दिलं. तो ड्युटीवर असला की दिवे उशिरा येतात, म्हणून अंधारे. "आज कोण हाय, अंधारे व्हय? मग झोपा आता." पाण्यावाचून ऊस वाळत असलेला शेतकरी बांधावरून हे तोंडावर ऐकवायचा. दत्ता रॉडचा क्लॅम्प आवळत राहायचा.

आणि सदाशिव? तो आला की वाडीत पोरं ओरडत पुढं धावायची, "वाघ आला! वाघ आला!" सुक्या बांबूच्या टोकानं तो डीपीच्या वरच्या बाजूचा डीओ फ्यूज बसवायचा. एबी स्विच स्वतःच ओढून, कुणाला न विचारता खांबावर चढायचा. पंधरा मिनिटांत दिवे. एकदा आरोग्य केंद्रात बाळंतपण अडलं असताना, धोधो पावसात, त्यानं असाच उजेड आणून दिला. त्या बाईचा मुलगा आता कॉलेजात आहे. असल्या माणसाला नावं कशी ठेवायची? त्याच्यापुढं ताटं वाढली जायची, त्याच्या सायकलीला, पुढं मोटरसायकलीला तांदळाचं पोतं बांधलं जायचं. खात्यातले तरुण साहेबही कौतुकानं म्हणायचे, "वाघाला पाठवा."

एकोणीस वर्षं काहीही झालं नाही. इथेच सगळा घात होता. चुकीच्या रीतीनं केलेलं काम दर वेळी धडा शिकवत असतं, तर माणूस पहिल्या महिन्यात सुधारला असता. ते बहुतेक वेळा निभावून जातं, आणि प्रत्येक निभावून गेलेली रात्र सदाशिवच्या नावात भर घालत गेली. दत्ताला दोन-तीनदा वाटलं, त्याच्याशी बोलावं. एकदा तो बोललाही. "सदा, रॉड तरी लावत जा." सदाशिवनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "भागू, तू हाईस की लावायला."

त्या दिवसांत दत्ता फार उदास असायचा. आपण काम बरोबर करतो आणि लोकांना आपला कंटाळा येतो, हे त्याला समजेना. शाळेतले गुरुजी निवृत्त होऊन गावातच राहिले होते. एका संध्याकाळी तो त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला.

"गुरुजी, माणसाला किती नावं पडावीत? कंप्या, भागूबाई, आजीबाई, परमिट, आता अंधारे. एकात तरी काही बरं असावं की न्हाई?"

गुरुजी म्हणाले, "देबूजी झिंगराजी जानोरकर कोण, ठाऊक आहे?"

"न्हाई."

"1876 साली अमरावती जिल्ह्यात शेणगावला जन्मलेला परटाचा मुलगा. अंगावर चिंध्या, म्हणून लोक चिंधेबुवा म्हणायचे. हातात फुटकं गाडगं, म्हणून गाडगेबुवा. त्यानं कुणाला थांबवून माझं नाव अमुक आहे असं सांगितलं नाही. तो गावाचे रस्ते झाडत होता. फुटक्या गाडग्यावरनं पडलेलं तेच नाव आज अमरावतीच्या विद्यापीठावर आहे. हेटाळणीचं नाव कामानं भरून काढता येतं, दत्ता. वेळ लागतो, पण येतं."

दत्ता थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि चांगलं नाव?"

गुरुजींनी चष्मा काढला. "त्याची मला जास्त काळजी वाटते. तुमच्या सदाच्या तालमीत खाशाबांचा फोटो आहे बघ. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. पॉकेट डायनॅमो म्हणायचे त्यांना. 1948 ला लंडनला सहावे आले, 1952 ला हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. मधली चार वर्षं काय केलं असेल? मेहनत. आखाड्यात समोरच्याला आपलं टोपणनाव ऐकू येत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असणार. सदाला ते कुणीतरी सांगायला हवं."

"तुम्ही सांगा की."

"सांगितलं. हसला आणि पाया पडला."

मला गुरुजींचं म्हणणं पटतं आणि त्याहून थोडं पुढं जावंसं वाटतं. कुणाला भित्रा म्हटलं तर निदान कुणीतरी म्हणतं, असं बोलू नये. कुणाला वाघ म्हटलं तर सगळे माना डोलावतात. त्यामुळे कौतुकाचं नाव कुणी तपासून बघत नाही, ते परत घ्यायची सोय नसते, आणि ते ज्याच्या अंगावर चढतं त्याला ते उतरवताही येत नाही. भागूबाईला एक दिवस धीटपणा दाखवायची मोकळीक आहे. वाघाला एक दिवस घाबरायची मोकळीक नाही.

2008 चा गणेशोत्सव. खोऱ्यातल्या एका गावात मंडळानं हलता देखावा केला होता. दुपारच्या वादळी पावसात गावाकडं जाणाऱ्या शाखेवरचा एक इन्सुलेटर फुटला आणि जंपर जळाला. ड्युटी दत्ताची होती. मंडळाच्या अध्यक्षानं फोन केला तेव्हा तो म्हणाला, "परमिट मागतो, रॉड घेऊन निघतो. तासभर धरा." फोन ठेवल्यावर मंडपात कुणीतरी म्हणालं, "तासभर? आरतीला शंभर माणूस उभं हाय. अंधारे नको. वाघाला बोलवा."

सदाशिवची सुट्टी होती. घरी गणपती होते, पाहुणे होते. तो उठला आणि आला.

त्यानं शाखेच्या सुरुवातीचा एबी स्विच उघडला. म्हणजे उपकेंद्राकडून येणारी वाट बंद झाली. गावाच्या टोकाला डीपी होता. त्याचे खालचे बाकीचे फ्यूज गावातल्या कुणीतरी आधीच काढून ठेवले होते, मंडपाकडं जाणारा तेवढा जागेवर होता. वरचे डीओ तसेच बसलेले होते. ते काढायला डीपीपर्यंत चालत जावं लागलं असतं, पाच मिनिटं. अर्थिंग रॉड खात्याच्या गाडीत होते आणि गाडी दत्ताबरोबर येत होती. खाली माणसं जमली. पोरं ओरडू लागली. सदाशिव वर चढला.

मंडपात त्याच वेळी भाड्याचा जनरेटर येऊन पोचला. आरतीची वेळ टळत होती, म्हणून उत्साही पोरांनी मेन स्विच न पाडता तो सरळ मंडपाच्या जोडणीला लावला आणि सुरू केला. दिवे लागले, टाळ्या पडल्या. जनरेटरची वीज मंडपातून तारेवर गेली, तारेवरून डीपीत गेली आणि डीपीनं वीस वर्षांपूर्वी फळ्यावर लिहिलं होतं तेच केलं. वरच्या तारांवर 11,000 व्होल्ट उभे राहिले. रॉड लावलेले असते तर भार न सोसून जनरेटरच बंद पडला असता आणि पोरांनी दोरी ओढून-ओढून त्याला शिव्या दिल्या असत्या. एवढंच झालं असतं.

दत्ता पोचला तेव्हा सदाशिव झुल्याला लटकत होता. दत्तानं आधी जनरेटर बंद करायला लावला, डीओ पाडले, दोन्ही बाजूंना रॉड लावले आणि मगच वर गेला. खालून कुणी तरी ओरडत होतं, "आरं लवकर! मित्र हाय ना तुझा?" त्यानं तेव्हाही एक पायरी गाळली नाही. गाळली असती तर खांबावर दोघं असते. सदाशिवला त्यानं दोरानं खाली सोडलं, छाती दाबून श्वास आणला, गाडीत घातलं.

सदाशिव वाचला. उजवा हात कोपराखालून काढावा लागला.

तिसऱ्या आठवड्यात, बोलण्याइतकं बळ आल्यावर, त्यानं बायकोला बाहेर पाठवलं आणि दत्ताला जवळ बसवलं.

"तुला विचारायचं असंल, रॉडसाठी का थांबलो न्हाई."

"मला काय विचारायचं न्हाई. तू पड."

"मला सांगायचं हाय. वर चढताना मला आठवलं हुतं, भागू. तिसऱ्या फुटाला आठवलं. डीओ बसलेलं हाइत, खालनं कुणी काय जोडलं तर? सरांचा फळा डोळ्यांम्होरं आला. मी थांबलो. खरंच थांबलो. आन् खालनं आवाज आला, काय वाघ, दमला व्हय?" तो छताकडं बघत राहिला. "उतरून डीपीपातूर चालत गेलो असतो, तर पाच मिनिटं लागली असती. पर तेवढी शंभर माणसं वाघाला खाली उतरताना बघणार हुती. हात गेला त्याचं दुःख हाय. पर मला त्या पाच मिनिटांची लाज वाटली, ह्याचं लई वाईट वाटतं."

दत्ताचे डोळे भरून आले. "ते नाव मी दिलंतं, सदा. डोहावर. तुला काय झालं न्हाई ह्या आनंदात तोंडातनं गेलं."

"तू एकदा म्हणालास. पुढं तीस वरसं त्याला मी जेवू घातलं." मग त्यानं विचारलं, "त्या डोहात बुंधा हुता ना?"

"हुता."

"पायाला घासून गेला. मी कुणाला सांगितलं न्हाई. भागूबाईचं खरं निघालं असतं."

तो घरी परतला तेव्हा मंडळाची पोरं रडत आली, वर्गणीतले उरलेले पैसे घेऊन. सदाशिवनं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, ह्याचा चेंजओव्हर स्विच आणा, म्हणजे एका वेळी एकतर खात्याची वीज येईल न्हाईतर जनरेटरची, दोन्ही कधीच न्हाई. स्विच बसवताना तो स्वतः तिथं उभा राहिला. पुढच्या वर्षी उत्सवाच्या आधी, डावा हात मोटरसायकलीवाल्याच्या खांद्यावर ठेवून, तो आसपासच्या गावांतल्या मंडळांकडं गेला. रिकामी बाही दाखवायची त्याला लाज वाटत नसे. कुणी प्रेमानं "या वाघ" म्हटलं, तर तो तिथल्या तिथे म्हणायचा, "सदाशिव म्हणा. त्या नावानं माझा हात नेलाय." लोकांना सुरुवातीला अवघड गेलं. गावं नाव देतात पटकन, काढून घ्यायला त्यांना पिढी लागते.

खात्यानं त्याला उपकेंद्रात बसवलं. स्विच यंत्रचालक ओढायचा, फोन आणि रजिस्टर सदाशिवकडं. डाव्या हातानं लिहायला तो चाळिसाव्या वर्षी शिकला. अक्षर मोठं, वाकडं, पण वाचता येईल असं. परमिट मागणाऱ्याला तो इतके प्रश्न विचारी की नवी मुलं कुरकुरायची, हा अंधारेपेक्षा भारी निघाला. हळूहळू त्या भागातली तक्रार बदलत गेली. शेतकरी विचारू लागले, ड्युटीला कोण आहे, दत्ताआण्णा आहेत का, मग काम एकदाच होईल.

अलीकडं विद्युत सहाय्यकांची नवी तुकडी आली. चुणचुणीत मुलं आहेत. आल्या आठवड्यातच एकमेकांना नावं पडली. सरसर चढणारा अक्षय चित्ता झाला. प्रशांत आणि प्रदीप हे दोघं घरापासूनच पिंट्या होते, ते तसेच राहिले. एका पावसाळी संध्याकाळी ही मुलं दत्ताच्या हाताखाली शाखेवर काम करत होती. सात वाजून गेले तेव्हा उपकेंद्रात फोन वाजला.

"काका, पिंट्या बोलतोय. काम झालं. पिंट्या, चित्ता, समदी उतरली. परमिट परत घ्या."

सदाशिवनं पेन उचललं. "कुठला पिंट्या बोलतोयस?"

"मी, प्रशांत."

"आन् उतरला तो पिंट्या कुठला?"

पलीकडं क्षणभर कुणी बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "मीच की... थांबा काका." फोनमधून पावसाचा आवाज येत राहिला, मग दत्ताची हाक ऐकू आली आणि वरून कुणाचं तरी उत्तर. "काका, प्रदीप पलीकडच्या खांबावर हाय. झुला सोडतोय. मला वाटलं..."

"फोन चालू ठेव. त्याला उतरू दे. घाई करू नको म्हणावं."

यंत्रचालक हात मागं घेऊन उभा होता. सदाशिवनं रजिस्टर पुढं ओढलं आणि त्या ओळीवर तीन नावं आधीच लिहून घेतली, आडनावांसकट.

"प्रदीपला फोन दे."

"प्रदीप बोलतोय काका. उतरलो."

"आता अक्षय."

"उतरलोय."

"प्रशांत तू खालीच हाईस. दोन्ही रॉड काढलं का?"

"काढलं. आण्णांनी स्वतः मोजून गाडीत ठिवलं."

"आण्णांना दे."

"भागू बोलतोय," दत्ता म्हणाला.

"नाव सांगा."

"दत्तात्रय. चौघं खाली, रॉड गाडीत, तार मोकळी. परमिट परत."

सदाशिवनं चौथं नाव लिहिलं, वेळ लिहिली, 7.25, आणि यंत्रचालकाला फीडर चालू करायला सांगितलं.